सेलमचें दप्तर

परगांवीं गेलेला प्रवासी देऊळ, बाजार आणि किल्ला हीं तीन स्थळें बहुधा प्रथम विचारतो. ह्या गांवाचे जुने कागद कोठें ठेवले आहेत, असें विचारणारा विरळा. वास्तविक देवळावरून गांवाची श्रद्धा व बाजारावरून त्याची सांपत्तिक स्थिति समजते. पण आपल्या मागील पिढ्यांची त्यास कितपत आठवण आहे हें समजावयास त्याच्या दप्तरखान्याचीच वाट धरावी लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सेलम ह्या बंदरीं आम्हीं चार दिवस काढले, ते ह्याच हेतूनें. तेथें जें पाहिलें व जें पाहावयास मिळालें नाहीं, त्या दोहोंचाहि वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

सेलम हें नांव ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढें तामिळनाडूंतील शहर उभें राहील. तें हें नव्हे. हें सेलम मॅसॅच्युसेट्स राज्यांत, बोस्टन शहराच्या ईशान्येस सुमारें २५ किलोमीटरांवर, समुद्रकांठीं वसलेलें आहे. बोस्टनला आमचा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या येथून निघून आम्ही आगगाडींत बसलों, तों अर्ध्या तासांत सेलमचें स्टेशन आलें. गांव लहान, जुन्या भागांतील रस्ते अरुंद, आणि कित्येक घरें अद्यापि लांकडी. ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावरून येणारा दर्प मात्र अगदी ओळखीचा. डोळे मिटून घेतले असते, तर आपण कोकणांतल्याच एखाद्या बंदरीं उभे आहों असें वाटावें.

येथील डर्बी धक्का जवळजवळ अर्धा मैल समुद्रांत शिरला आहे. त्याच्या टोंकास १८७१ सालीं बांधलेला एक बुटका दीपगृहाचा मनोरा आहे. आज त्या धक्क्यावर फिरावयास येणाऱ्या मंडळींखेरीज फारसें कोणी दिसत नाहीं. परंतु सव्वादोनशें वर्षांपूर्वीं ह्याच ठिकाणीं सुमात्रा बेटांतील मिरीं, चीनचा चहा व कलकत्त्याचें कापड उतरत असे. १७९० सालच्या शिरगणतींत सेलमची लोकवस्ती ७,९२१ भरली. आपल्याकडील एखाद्या कसब्याएवढी ही वस्ती. तरी त्या काळच्या अमेरिकेंतील मोठ्या शहरांत तिची गणना होत असे. सेलमचें ‘ग्रँड टर्क’ हें गलबत १७८६ सालीं चीनमधील कँटन बंदरीं पोंचलें. पुढें १७९६ सालीं सेलमच्याच जेकब क्राउनिनशील्ड नामक कप्तानानें कलकत्त्याहून एक हत्ती नेऊन न्यूयॉर्कला उतरविला. अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवणारा तो पहिला हत्ती असें समजतात. त्या गलबतावर रोजनिशी लिहिणारा अधिकारी हा प्रख्यात कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न ह्याचा पिता होय.

आतां ह्या रोजनिशांचीच हकीकत सांगावयाची आहे. कारण आमच्या मतें सेलमचें खरें वैभव मिऱ्यांपेक्षां त्यांतच आहे. १७९९ सालीं येथील दर्यावर्दी लोकांनीं ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ ह्या नांवाचें एक मंडळ स्थापिलें. त्याचे सभासद होण्यास अट मोठी कठीण होती. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न हीं भूशिरें ओलांडून ज्यानें गलबतावर कप्तान म्हणून किंवा मालाचा मुखत्यार म्हणून सफर केली असेल, त्यालाच आंत प्रवेश. मंडळाचे उद्देश तीन होते: दिवंगत सभासदांच्या विधवांस व मुलांस मदत करणें, नौकानयनास उपयुक्त अशी माहिती जमविणें, आणि त्या दूरच्या मुलखांतील पाहण्याजोग्या वस्तूंचा संग्रह करणें. एकाच पंगतीस बसविलेले हे तीन उद्देश पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. ज्या हातांनीं अनाथांची सोय पाहावयाची, त्याच हातांनीं इतिहासाचीहि सोय पाहावयाची, हा विचार एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सहज पटण्याजोगा आहे.

ह्यांपैकीं दुसऱ्या उद्देशासाठीं मंडळानें जी युक्ति योजिली, ती अगदी साधी होती. सफरीवर निघणाऱ्या सभासदाच्या हातीं मंडळाकडून एक कोरी वही देण्यांत येई. वाऱ्याची दिशा, पाण्याची खोली, खडक, नांगर टाकण्याच्या जागा, परक्या बंदरांतील चालीरीति, जें जें दिसेल तें त्यानें त्या वहींत टिपावें, आणि परत आल्यावर वही मंडळाच्या स्वाधीन करावी. ह्या कप्तानांत पंडित म्हणावेत असे थोडे. तरीहि त्यांच्या वह्या एकापुढें एक रचल्या गेल्या, आणि पुढें निघणाऱ्या तरुण कप्तानास मागल्याचा अनुभव वाचावयास मिळूं लागला. नौकानयनावरील ज्या ग्रंथाच्या आवृत्त्या १८०२ पासून निघत आल्या आहेत, त्याचा कर्ता नथॅनिएल बौडिच हाहि सेलमचाच रहिवासी व ह्याच मंडळाचा सभासद होता.

तिसऱ्या उद्देशाचें फळ म्हणजे मंडळाचें वस्तुसंग्रहालय. १८२५ सालीं त्यासाठीं जो मोठा दिवाणखाना बांधला, त्याच्या उद्‌घाटनाच्या मेजवानीस खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडॅम्स हजर होते. तो दिवाणखाना आजहि उभा आहे. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया ह्यांचा अमेरिकन कप्तानांशीं मोठा व्यवहार असे. त्यांचें चित्र मंडळाच्या संग्रहांत अगदी आरंभींच्या काळांत दाखल झालें. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास, आपल्याकडील पगडीचा व अंगरख्याचा एक शेटजी त्या गोऱ्या खलाशांच्या परिचयाचा होता, हें मनांत येऊन आम्हांस नवल वाटलें व आनंदहि झाला.

पण सर्वच गोष्टी आनंदाच्या नव्हत्या. मंडळाच्या वार्षिक उत्सवांत गांवांतून मिरवणूक निघे. १८०४ सालच्या मिरवणुकींत हिंदुस्थानांतून आणलेली एक पालखी होती, आणि ती हिंदी पेहराव चढविलेल्या काळ्या लोकांच्या खांद्यांवर दिली होती, असें सेलमचे धर्मोपदेशक विल्यम बेंटली ह्यांनीं आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेविलें आहे. पालखी म्हटली म्हणजे आपल्यास आळंदी-पंढरी आठवते. तेथें तिचा तमाशा झाला, आणि त्या तमाशाचा भार ज्यांच्या खांद्यांवर पडला, त्यांस आपली हौस कोणी विचारली असेल असें वाटत नाहीं. तथापि ही अप्रिय गोष्टहि आज आपणांस कळते ती एका सेलमकरानें ती लिहून ठेविली म्हणूनच. दप्तराचा हा गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: तें गांवाचा मोठेपणा राखतें, तसा त्याचा कमीपणाहि राखतें.

सेलमचें ऐश्वर्य फार काळ टिकलें नाहीं. १८०७ सालीं अमेरिकन सरकारनें परदेशीं व्यापारावर बंदी घातली. १८१२ सालीं इंग्लंडशीं युद्ध जुंपलें. आणि पुढें गलबतें मोठीं होत गेलीं, तशीं सेलमच्या उथळ बंदरांत तीं शिरेनात. व्यापार बोस्टन व न्यूयॉर्क येथें गेला. १८१९ सालीं बांधलेल्या भव्य जकातघरांत पुढें कारकुनांस जांभया देत बसण्याची पाळी आली. वर उल्लेखिलेला कादंबरीकार हॉथॉर्न हा तेथें १८४६ ते १८४९ पर्यंत अधिकारी होता. त्याची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेंत, जकातघराच्या माळ्यावर जुन्या कागदांचें एक बाड सांपडल्याची कल्पित हकीकत घातलेली आहे. ज्या गांवांत कल्पनेलासुद्धां माळ्यावरच्या बाडांतूनच पालवी फुटावी, त्या गांवाच्या स्वभावाविषयीं आणखी काय सांगावें?

बंदर ओस पडूं लागलें, त्याच सुमारास गांवानें कागद जपावयास आरंभ केला, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १८२१ सालीं ‘एसेक्स हिस्टॉरिकल सोसायटी’ निघाली. १८४८ सालीं ती आणि तेथील सृष्टिविज्ञान मंडळ एक होऊन ‘एसेक्स इन्स्टिट्यूट’ अस्तित्वांत आली. घराघरांतील पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, वृत्तपत्रें, जहाजांचे कागद, सारें तेथें येऊं लागलें. आणि १८५९ पासून त्यांतील निवडक साधनें छापून काढण्याचा क्रमहि सुरू झाला. १९१० सालीं तर १६८४ च्या सुमारास बांधलेलें जॉन वॉर्डचें लांकडी घर मूळ जागेवरून हलवून संस्थेनें आपल्या आवारांत आणून उभें केलें. इकडे जुन्या दर्यावर्दी मंडळास पैशाची चणचण भासूं लागली, तेव्हां जॉर्ज पीबडी नामक दानशूर गृहस्थाच्या १,४०,००० डॉलरांच्या देणगीनें १८६७ सालीं तें वस्तुसंग्रहालय सावरलें. ह्या दोन्ही संस्था १९९२ सालीं एकत्र होऊन सध्यांचें ‘पीबडी एसेक्स म्यूझियम’ झालें.

अशा संग्रहाचा उपयोग काय, असें व्यवहारी मनुष्य विचारील. त्यास दोन गोष्टी सांगतां येतील. पहिली आपल्याच जवळची. स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस जाण्यापूर्वीं, २८ ऑगस्ट १८९३ रोजीं, ह्याच सेलममध्यें वेस्ली चॅपल येथें बोलले होते. त्या वेळीं त्यांस अमेरिकेंत ओळखणारे लोक बोटांवर मोजण्याइतके. त्या व्याख्यानाचा वृत्तांत गांवच्या वृत्तपत्रानें दुसऱ्या दिवशीं छापला, आणि जुनीं वृत्तपत्रें रद्दींत न घालण्याची संवय त्या मुलखास होती, म्हणून तो पुढें अभ्यासकांच्या हातीं लागला.

दुसरी गोष्ट दारुण आहे. सेलमचें नांव जगभर झालें आहे तें १६९२ सालच्या चेटकाच्या खटल्यांनीं. दीडशेंहून अधिक माणसांवर चेटूक केल्याचा आरोप आला. १९ जणांस फांशीं दिलें. आणि आरोपास जबाब देण्याचें नाकारणाऱ्या एका वृद्धाचा अंगावर दगड रचून प्राण घेतला. फांशीची नक्की जागा मात्र काळाच्या ओघांत विसरली गेली होती. सिडनी पर्ली ह्या स्थानिक संशोधकानें १९२१ सालीं जुने कागद व नकाशे ताडून पाहून, मोठ्या टेंकडीच्या पायथ्याजवळचा एक खडकाळ कडा ही ती जागा असल्याचें प्रतिपादन केलें. त्याच्या म्हणण्यास २०१६ सालीं अभ्यासकांच्या एका मंडळानें पुष्टि दिली. तपासासाठीं सेलमला आणलेल्या एका स्त्रीच्या १६९२ मधील जबानींत, टेंकडीखालच्या घरांतून फांशीचा जमाव दिसल्याचा ओझरता उल्लेख होता. तो ह्या कामीं मोलाचा ठरला. २०१७ सालीं तेथें साधें स्मारक झालें. एका औषधाच्या मोठ्या दुकानामागें असलेल्या त्या दगडी भिंतीवर मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आम्ही तेथें बराच वेळ उभे होतों. आमच्याबरोबरच्या मंडळींपैकीं कोणासहि बोलवेना.

तेवढ्यावरच हें प्रकरण संपलें नाहीं. एलिझाबेथ जॉन्सन नांवाच्या एका तरुणीस १६९३ सालीं दोषी ठरविलें होतें. राज्यपालांनीं शिक्षा तहकूब केल्यामुळें तिचा प्राण वांचला. परंतु पुढें वेळोवेळीं ज्यांचीं नांवें निर्दोष म्हणून जाहीर झालीं, त्यांत हिचें नांव राहूनच गेलें. तिला संतति नव्हती. मग तिच्यासाठीं खटपट कोण करणार? अखेर जवळच्याच नॉर्थ अँडोव्हर गांवांतील आठव्या इयत्तेच्या मुलांनीं आपल्या शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखालीं तिचें प्रकरण अभ्यासिलें, राज्याच्या विधिमंडळाकडे दाद मागितली, आणि २०२२ सालीं, म्हणजे ३२९ वर्षांनीं, तिच्यावरचा कलंक धुऊन निघाला. ज्याचें पिंडदान करावयास कोणी उरलें नाहीं, त्याचेंहि ऋण जुन्या कागदांच्या आधारें फेडतां येतें, हें त्या मुलांनीं दाखवून दिलें.

इतकें वाचल्यावर वाचकांस वाटेल कीं, सेलमला जाऊन आम्हीं ते कागद डोळे भरून पाहिले असतील. तसें झालें नाहीं. एसेक्स स्ट्रीटवरील ज्या दोन जुन्या इमारतींत हा संग्रह पिढ्यान् पिढ्या होता, तेथून तो हलविण्यांत आला आहे. फिलिप्स ग्रंथालय ह्या नांवानें तो ओळखला जातो. सुमारें ४ लक्ष छापील ग्रंथ आणि एकापुढें एक मांडलीं तर मैलभर पसरतील इतकीं हस्तलिखितें, असा त्याचा विस्तार सांगतात. २०११ सालीं दुरुस्तीसाठीं म्हणून तें ग्रंथालय बंद झालें. संग्रह परत येईल ह्या आशेवर गांव थांबलें. २०१७ सालच्या अखेरीस संग्रहालयानें जाहीर केलें कीं, तो आतां परत येणार नाहीं; आणि २०१८ पासून तो उत्तरेस, मोटारीनें अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर, रौली गांवीं एका मोठ्या कोठारवजा इमारतींत अभ्यासकांसाठीं उघडला गेला. पूर्वीं त्या इमारतींत खेळण्यांचा कारभार चाले.

सेलमच्या नागरिकांनीं ह्याविरुद्ध मोठी हांकाटी केली. सभा भरविल्या, अर्ज केले. त्यांचें म्हणणें असें कीं, आमच्या आज्यापणज्यांनीं हे कागद सेलमच्या संस्थेस सेलममध्यें राहावेत म्हणून दिले. गांवाची आठवण गांवाबाहेर नेऊन ठेवणें हा त्या दात्यांशीं प्रतारणेचा व्यवहार आहे. संग्रहालयाचें म्हणणें असें कीं, जुन्या इमारतींत जागा अपुरी. कागदास हवी तशी उष्णता व आर्द्रता तेथें राखतां येत नाहीं. कागद जगले तरच त्यांचा उपयोग.

ह्यांत न्याय कोणाचा? आम्हांस दोन्ही बाजूंचें म्हणणें पटतें. पावसाळ्यांत माळ्यावरच्या पोथ्यांस बुरशी कशी चढते व वाळवी एका ऋतूंत काय करते, हें कोकणच्या माणसास सांगावयास नको. तेव्हां कोरड्या व थंड कोठाराची निंदा आमच्या तोंडीं शोभणार नाहीं. पण कागद टिकणें आणि कागद वाचला जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक कोठेंहि जाईल. त्यास वाट वांकडी करण्याची संवयच असते. परंतु बाजारांतून परत येतांना सहज आंत डोकावणारी गृहिणी, शाळा सुटल्यावर पणजोबांच्या गलबताचें नांव शोधावयास येणारा मुलगा, हीं रौलीस जाणार नाहींत. आणि दप्तर गांवाचें होतें तें अशाच सहज डोकावणाऱ्यांमुळें. खटल्यांचे ५२७ मूळ कागदहि २०२३ सालीं संग्रहालयानें बोस्टन येथील न्यायालयीन दप्तरखान्याच्या स्वाधीन केले. ते न्यायालयाचेच होते, सबब न्यायालयाकडे गेले, हें योग्यच झालें. तरी ज्या गांवाच्या नांवानें ते ओळखले जातात, त्या गांवांतून तेहि गेले, एवढें खरें.

ह्याच संग्रहालयांत आम्हीं जें एक घर पाहिलें, त्यानें आमचा हा विचार अधिकच गुंतागुंतीचा केला. चीनच्या आन्हुई प्रांतांतील ह्वांग घराण्याचें सुमारें दोनशें वर्षांपूर्वींचें हें घर. त्याचें नांव यिन यू तांग. मध्यें चौक, भोंवतीं दोन मजले, निजावयाच्या १६ खोल्या. आणि तींत आठ पिढ्या नांदल्या. पुरुष व्यापारानिमित्त परगांवीं, आणि बायकामुलें व वडीलधारीं माणसें घरीं, अशी त्या मुलखाची रीत. मुंबईच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसणारें आपलें कोकण ह्याहून कोठें निराळें होतें? १९८० नंतरच्या दशकांत घर रिकामें झालें. तें येथें आणून, तुळई न् तुळई जुळवून, २००३ सालीं पुन्हा उभें करण्यांत आलें. त्या चौकांत उभें राहून आमच्या घरांतील मंडळींचे डोळे पाणावले. घर वांचलें, पण त्याचें अंगण परक्या आभाळाखालीं आलें. ज्या संस्थेनें दुसऱ्याचें घर इतक्या मायेनें सांभाळलें, तिच्याच गांवचे लोक आपले कागद दूर गेले म्हणून हळहळत आहेत. जतन करणाऱ्याच्या हातूनहि वियोग कसा घडतो, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं.

आपल्याकडे हें काम कोणीं केलेंच नाहीं, असें नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं गांवोगांव पायपीट करून लोकांच्या घरांतील रुमाल सोडविले, आणि १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं राजवाडे धुळ्यास वारले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं त्याच धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. पुण्यामुंबईस न जातां तो संग्रह खानदेशांत राहिला, ह्याचें महत्त्व आम्हांस सेलम पाहिल्यावर अधिक कळलें.

परंतु राजवाडे प्रत्येक पिढींत जन्मत नाहींत, आणि जन्मले तरी प्रत्येकाच्या दारीं येत नाहींत. सेलमच्या कप्तानांनीं कोणा राजवाड्यांची वाट पाहिली नाहीं. सफरीस निघणाऱ्याच्या हातीं कोरी वही दिली, आणि परत आल्यावर ती मागून घेतली. सारें श्रेय ह्या दोन क्रियांचें आहे. आज आपल्या घरांतून मुलें-मुली ह्या कप्तानांहूनहि दूर जात आहेत. मोठ्या वाड्यांच्या वांटण्या होऊन सदनिका होत आहेत, आणि त्या गडबडींत मोडी कागदांची ट्रंक सर्वांच्या आधीं रद्दीवाल्याकडे जाते. ट्रंकेस जागा नाहीं, ही अडचण खरी. सेलमच्या संग्रहालयाचीहि तीच अडचण होती.

तेव्हां वाचकांस आमची विनंति एवढीच. घर हलविण्यापूर्वीं ती ट्रंक एकदां उघडावी. आंत काय आहे ह्याची यादी करावी. मोडी वाचतां येत नसलें, तर वाचणारा मनुष्य गांठावा. जुन्या छायाचित्रांतील माणसांचीं नांवें घरांतील वृद्ध हयात आहेत तोंवर विचारून मागें पेन्सिलीनें लिहावीं. विशेषतः आज्यांचीं व काकूंचीं माहेरचीं नांवें, कारण वंशावळींत तींच प्रथम गळतात. मूळ कागद आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या विश्वासू संस्थेकडे द्यावेत, नक्कल घरीं ठेवावी, आणि देतांना ते कोठें राहावेत हें लेखी ठरवून घ्यावें. सेलमच्या दात्यांनीं ही शेवटची गोष्ट पुरेशी पक्की केली असती, तर त्यांच्या पणतवंडांस आज अर्ज करीत बसावें लागलें नसतें.

आणि दूरदेशीं निघालेल्या मुलाच्या सामानांत लोणच्याच्या बरणीशेजारीं एक कोरी वहीहि घालावी. तो परत येईल तेव्हां ती मागून घ्यावयाचें विसरूं नये.